अर्धी गाडी, अर्धी होडी

मंडळी, मृगाचा पाऊस पडून गेल्यावर ओढ्याच्या उतारावर रुतलेली जीपगाडी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. १९५२ साली सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि खेड्यापाड्यांत सरकारी जीप येऊ लागली. ती रुतली म्हणजे काय होई? ड्रायव्हर खाली उतरे, पायजमा वर खोची, चाकाखाली दगड नि तुरीच्या काट्या घाली. नाहीच जमले तर जवळच्या शेतातून बैलजोडी येई, नाडा बांधला जाई. तोवर निम्मे गाव गोळा झालेले. एकजण सल्ला देतो, दुसरा चहा आणतो, पोरे आरडाओरडा करतात आणि तासाभरात गाडी वाटेला लागते.

आता हीच जीप अशा जागी बंद पडली की जिथे बैल नाहीत, माणूस नाही, पायाखाली जमीनसुद्धा नाही, तर काय करावयाचे? आपण म्हणाल, अशा जागी जीप जाईलच कशाला? पण गेली होती. एका माणसाने जीपमधून पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि तीही महासागरांसकट. त्याला दहा वर्षे लागली. ती हकीकत आज सांगावयाची आहे. शिक्षक मंडळींनी शाळेतला पृथ्वीगोल जवळ घेऊन बसावे; मुलांना बोटाने वाट दाखवता येईल.

आधी जीपविषयी थोडेसे. १९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या सैन्याने १३५ कारखानदारांना कळवले की, आम्हांला एक हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी आहे, आणि तिचा नमुना ४९ दिवसांत हवा आहे. बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने २३ सप्टेंबर १९४० रोजी तो नमुना आणून उभा केला. मोठा माल करण्याचे काम मात्र पुढे विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांकडे गेले, आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या.

साध्या मोटारीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. ती दोन चाके चिखलात घसरू लागली की बाकीची दोन नुसती बघत राहतात. जीपमध्ये एक दांडा ओढला की पुढची चाकेही फिरू लागतात. मागची ढकलतात, पुढची ओढतात. याहूनही मोठी गोष्ट म्हणजे विलीजची जीप असो की फोर्डची, एकीचे सुटे भाग दुसरीला बसत. फोर्डने आपल्या बोल्टांवरदेखील इंग्रजी एफ हे अक्षर उमटवले होते, तरी तो बोल्ट विलीजच्या गाडीत मुकाट्याने बसे. आपल्याकडे एका सुताराने केलेल्या गाडीचे चाक दुसऱ्याच्या आसाला बसेलच असे नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातले मर्म लगेच कळेल. परक्या मुलुखात गाडी मोडली, तर वाटेत पडलेल्या दुसऱ्या मोडक्या जीपमधून भाग काढून ती चालू करता येई.

याच जीपला फोर्डने होडीचे अंग चढवून पाण्यात चालणारी एक जात काढली. तिला जीपीए म्हणत. अशा सुमारे १३,००० गाड्या निघाल्या. चाके होतीच, शिवाय मागे पाणी कापणारा पंखा होता आणि वळवण्यासाठी सुकाणू होते. इंजिन एकच. जमिनीवर ते चाके फिरवी, पाण्यात पंखा. कल्पना छान, पण गाडी जड झाली आणि पाण्यात फार खोल बसू लागली. संथ नदी ओलांडावी एवढाच तिचा उपयोग. समुद्रात जरा लाट उठली की पाणी आत. अमेरिकन सैन्याने तिचा नाद लवकरच सोडला.

अशी एक टाकून दिलेली जीप १९४६ साली आपल्याच देशात, बंगालमध्ये खरगपूरजवळच्या कलाईकुंडा विमानतळावर पडून होती. तेथे बेन कार्लिन नावाच्या ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्याने ती पाहिली. त्याचा जन्म १९१२ चा, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्थम गावचा. खाणीचे शिक्षण घेतलेला माणूस. युद्धाआधी चीनमधल्या कोळशाच्या खाणीत होता आणि युद्धात हिंदी सैन्याच्या इंजिनिअर दलात आला. तो त्या गाडीभोवती फिरला, वाकून पाहिले, आणि सोबतच्या मित्राला म्हणाला की, जरा डागडुजी केली तर हिच्यातून जगाला फेरी मारता येईल. मित्राने त्याला वेड्यात काढले. मित्राचे काही चुकले असे मला वाटत नाही.

युद्ध संपल्यावर कार्लिन अमेरिकेत गेला आणि तेथे लिलावात अशीच एक पाण्यातली जीप त्याने विकत घेतली. एलिनॉर नावाच्या अमेरिकन मुलीशी त्याचे लग्न झाले होते. त्याने जीपवर बंद खोली उभारली, पेट्रोलच्या जास्तीच्या टाक्या बसवल्या, आत निजायला जेमतेम जागा ठेवली. नाव ठेवले ‘हाफ-सेफ’, म्हणजे अर्धी सुरक्षित. घामाचा वास घालवणाऱ्या एका औषधाच्या जाहिरातीत ‘अर्धसुरक्षित राहू नका’ असे वाक्य असे, त्यावरून थट्टेने घेतलेले ते नाव.

१९४८ साली न्यूयॉर्कहून नवराबायको अटलांटिक ओलांडावयास निघाली, आणि बिघाडांची मालिका सुरू झाली.

पहिला मोठा शत्रू निघाला तो लाट नव्हे, धूर. बंद खोलीत इंजिनाचा धूर झिरपू लागला आणि दोघांनाही विषबाधा झाली. जळक्या पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिवाळ्यात दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून निजलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती याच वायूमुळे. डोके दुखते, मळमळते, ग्लानी येते; आणि समुद्रावर तर मळमळ नेहमीचीच, त्यामुळे माणसाला संशयही येत नाही. मागे फिरण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

ऑगस्टमध्ये पुन्हा निघाले. किनारा फार मागे राहिल्यावर पंखा फिरवणारी यंत्रणा निकामी झाली. येथे जरा थांबून विचार करा. इंजिन ठणठणीत आहे. चारही चाके ठणठणीत आहेत. रस्त्यावर हीच गाडी डोंगर चढून गेली असती. पण पाण्याखालचा तो एक आस मोडला की सगळा खटाटोप व्यर्थ. खाली उतरून जॅक लावायला जमीन नाही. चालती होडी लाटेला तोंड देते. थांबलेली होडी लाटेला आडवी होते आणि सारखी हेलकावत राहते. दिवसांमागून दिवस ती दोघे अशी वाहत चालली होती. शेवटी एका तेलवाहू जहाजाने पाहिले आणि दोघांना जीपसकट उचलून घेतले. त्या अफाट पाण्यात पंधरा फुटांची एक गाडी कुणाच्या नजरेस पडते, याला नशीब म्हणावयाचे नाही तर काय!

पुढच्या वर्षीही जमले नाही. एवढ्या अनुभवानंतर शहाणा माणूस गाडी विकून मोकळा झाला असता. कार्लिन प्रत्येक वेळी जो भाग मोडला तो काढून, का मोडला हे पाहून, पुन्हा बसवीत होता. खाणीत काम केलेल्या माणसाची ही सवय असते. वर यायचा पाळणा बिघडला तर दुरुस्त करणारा बहुधा खालीच अडकलेला असतो.

१९५० च्या जुलैत कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरातून ती निघाली. पेट्रोलची एक लांबट टाकी मागे दोराने बांधून पाण्यातून ओढत नेली होती, कारण एवढे इंधन जीपमध्ये मावणे शक्यच नव्हते. माणूस चालतो त्याच्याहून फारसा जास्त वेग नाही. एकाने सुकाणू धरावे, दुसऱ्याने पडून घ्यावे, असे एक महिन्याहून थोडे अधिक दिवस गेले, आणि ऑगस्टमध्ये अझोर बेटांपैकी फ्लोरेस हे बेट दिसले. एलिनॉरला समुद्र मुळीच सोसत नसे. तिला उलट्यांचा भयंकर त्रास होई, आणि तशाच स्थितीत ती आपली पाळी करी. या सफरीच्या हकीकतीत नाव कार्लिनचे पुढे येते. पण सुकाणूवरचे निम्मे तास तिचे आहेत, हे विसरता कामा नये.

अझोरहून मदेरा बेटाकडे जाताना मोठ्या वादळाने गाठले. त्यातूनही जीप तरली. १९५१ च्या फेब्रुवारीत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, सहाराच्या पश्चिम काठाला, केप जुबी येथे ती वाळूला लागली. चाके फिरू लागली आणि होडीची गाडी झाली. तेथून मोरोक्को, मग जिब्राल्टरची सामुद्रधुनी, युरोप, आणि त्याच वर्षी इंग्लिश खाडी ओलांडून इंग्लंड.

इंग्लंडात मात्र निराळाच बिघाड झाला: पैसे संपले. बर्मिंगहॅम शहरात काही वर्षे त्यांचा मुक्काम पडला. कार्लिनने अटलांटिकच्या सफरीवर पुस्तक लिहिले, ते १९५५ साली निघाले, आणि जीपही पुष्कळशी नव्याने बांधली गेली.

त्याच साली ती दोघे पुन्हा निघाली. तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान आणि मग हिंदुस्थान. हा सगळा जमिनीचा रस्ता. धुळीचा, खड्ड्यांचा, पण जमिनीचा. युद्धानंतर जीपगाड्या जगभर पसरल्या होत्या. आपल्याकडे ‘डिस्पोजल’चा माल म्हणून सैन्याच्या जुन्या जीपा विकल्या गेल्या, आणि मुंबईत माझगावला विलीजच्या जीपा जोडण्याचे काम सुरू झाले होते. म्हणजे जीपचे इंजिन उघडून पाहिलेला मिस्त्री या मुलुखात सापडत होता. जी गाडी अटलांटिकमध्ये साऱ्या जगात एकटी होती, तिला येथे गावोगाव भाऊबंद भेटत होते.

परदेशात गाडी बंद पडणे हा नुसता लोखंडाचा प्रश्न नसतो, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्याच्या देशातून आपली गाडी न्यावयाची तर अनेक देशांत ‘कार्ने’ नावाचे जकातीचे पुस्तक लागते. आत जाताना शिक्का, बाहेर पडताना शिक्का. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर गाडी तेथेच विकली असे धरून जकात मागतात. म्हणून मोडकी गाडी रस्त्याच्या कडेला सोडून आगगाडीने घरी येण्याची सोय नसते. मेलेल्या बैलाचेसुद्धा कातडे दाखवावे लागते, तशातला तो प्रकार.

योगायोग पाहा. १९५५ च्या सप्टेंबरात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांचे सहा तरुण दोन लँड रोव्हर गाड्या घेऊन लंडनहून सिंगापूरकडे निघाले होते. त्यांनी आसामातून, युद्धात बांधलेल्या लेडो रस्त्याने ब्रह्मदेश गाठला आणि मार्च १९५६ मध्ये ते सिंगापूरला पोहोचले. सहा जण, त्यांत एक जाणता मेकॅनिक, आणि गाड्या दोन. एक रुतली तर दुसरी ओढावयास तयार. गाडी घेऊन दूरदेशी जावयाचे तर असे जावे, असे कुणीही सांगेल. कार्लिनजवळ दुसरी गाडी नव्हती, आणि आता दुसरे माणूसही राहणार नव्हते.

कारण कलकत्त्यानंतरचा समुद्र त्याने एलिनॉरशिवाय ओलांडला. ती या सफरीतून बाहेर पडली आणि पुढे त्यांचा संसारही मोडला. मला विचाराल तर यात नवल काही नाही. पेटीएवढ्या खोलीत, पेट्रोलच्या वासात, ओकाऱ्या काढीत महासागर ओलांडलेल्या बाईने आणखी किती सोसावे? मोडलेला आस कार्लिनला बदलता येत असे. हे मात्र त्याला दुरुस्त करता आले नाही, आणि त्यासाठी तो थांबलाही नाही.

निराळे सोबती घेऊन तो ब्रह्मदेश, थायलंड, व्हिएतनाम, हाँगकाँग करीत जपानला पोहोचला. १९५७ साली जपानच्या उत्तर टोकाकडून अलास्काची वाट धरली. या वेळी सोबतीला बॉये डी मेन्टे नावाचा अमेरिकन पत्रकार होता. पृथ्वीगोलावर पाहा, जपान आणि अलास्का यांच्यामध्ये अल्यूशियन बेटांची माळ आहे. थंड, धुक्याने भरलेला तो समुद्र. त्यातल्या शेम्या नावाच्या बेटावर जीप लागली, मग बेटामागून बेट करीत ती अमेरिका खंडाला पोहोचली. डी मेन्टेने पुढे या सफरीवर पुस्तक लिहिले आणि त्याच्या नावातच स्वतःला मूर्ख म्हणून घेतले.

पुढचा रस्ता डांबरी-खडीचा. मे १९५८ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रिअल शहरात ‘हाफ-सेफ’ थांबली. पाण्यावरून सुमारे १७,००० किलोमीटर आणि जमिनीवरून सुमारे ६२,००० किलोमीटर अशी तिची मजल झाली होती. पाण्यात चालणाऱ्या गाडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा दुसरा माणूस त्यानंतर झालेला नाही.

कार्लिन १९८१ साली वारला. त्याला नॉर्थममध्येच पुरले आहे. ज्या शाळेत तो शिकला ती पर्थजवळची गिल्डफर्ड ग्रामर स्कूल. तिला त्याने आपल्या मिळकतीतला काही भाग ठेवला होता. पुढे शाळेने ती जीप मिळवली. आज ती त्या शाळेतच आहे, चाकांसकट आणि मागच्या पंख्यासकट, आणि मुले तिच्याभोवती फिरून वाकून पाहतात.