सूर्यामागे सरकणारे आरसे

गच्चीवरच्या सौर पॅनलचा स्टँड पक्का असावा की कोन बदलता येणारा, हा प्रश्न आजचा वाटतो. पण त्याचा खरा हिशोब मुंबईत दीडशे वर्षांपूर्वीच मांडला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयात उपनिबंधक असलेल्या विल्यम अ‍ॅडम्स यांनी १८७८ मध्ये, उष्ण प्रदेशात इंधनाऐवजी सूर्याची उष्णता कशी वापरावी यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. फ्रान्समध्ये ओग्युस्तँ मूशो शंकूच्या आकाराचा आरसा आणि त्यातला बॉयलर असं सगळं धूडच सूर्याकडे वळवत. मोठ्या यंत्राला हे झेपणार नाही, हे अ‍ॅडम्स यांनी ओळखलं. त्यांनी बॉयलर जागेवर ठेवला, लहान सपाट आरसे एका चौकटीत बसवले आणि ती चौकट अर्धवर्तुळाकार रुळावरून फिरती केली. दिवसातून तीन-चार वेळा एका मजुराने ती सरकवली की भागायचं. त्या वाफेवर मिडल कुलाब्यात अडीच अश्वशक्तीचं इंजिन पंधरवडाभर पंप ओढत होतं. या सगळ्यात मला वाफेपेक्षा ते ‘तीन-चार वेळा’ मोलाचं वाटतं. सूर्याचा क्षणोक्षणी पाठलाग न करता, मोजक्या वेळी हात लावून बहुतेक लाभ मिळतो, हे त्यांनी करून दाखवलं.

पुढे १९१३ मध्ये कैरोजवळच्या मादी इथे फ्रँक शूमन यांनी पन्हळीसारखे लांबच लांब आरसे उभारले. ते यंत्राने आपोआप सूर्याकडे वळत. १९५४ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा सौर सेल तयार झाला, आणि कालांतराने पॅनल इतकं स्वस्त झालं की कोन बदलण्यापेक्षा एक पॅनल जास्त लावणं परवडू लागलं. गच्चीवर पक्का स्टँड जिंकला तो या हिशोबावर.

मग आता कोन कशाला बदलायचा? आक्षेप रास्त आहे. मुंबईच्या १९ अंश अक्षांशाइतक्या कलावर पक्कं बसवलेलं, दक्षिणेकडे तोंड केलेलं पॅनल डिसेंबरच्या भर दुपारी थेट उन्हाचा जेमतेम ८ टक्के भाग गमावतं. जूनमध्येही नुकसान तेवढंच, पण तेव्हा ढग असतात, आणि ढगाळ उजेड सगळीकडून येत असल्याने कोनाला फारसं महत्त्व उरत नाही. मोकळी गच्ची असेल तर यासाठी धडपड नको. शहरातली गच्ची मात्र टाकी, जिना आणि शेजारच्या इमारतीच्या सावलीने आधीच अडलेली असते. तिथे जास्तीचं पॅनल लावायला जागाच नसते, म्हणून आहे त्याचाच कोन बदलणं उपयोगी ठरतं. सांधे ढिले होऊन वाऱ्याने स्टँड उखडेल, ही भीती मात्र त्या आक्षेपापेक्षा गंभीर. तिला उत्तर ऋतूंच्या क्रमातच आहे: दिवाळीला पॅनल उभट केलं आणि होळीला पाणी वाहून जाण्यापुरता उतार ठेवून आडवं केलं, तर वळवाच्या आणि पावसाळ्याच्या वाऱ्याला ते कमीच अंग देतं. मोटर नको, सेन्सर नको. पान्हा आणि वर्षाचे दोन दिवस पुरतात. गच्ची लहान असेल तर स्टँड ठरवताना ठेकेदाराकडे दोन कोनांची भोकं आणि गंजणार नाहीत असे नट-बोल्ट आवर्जून मागा.