दुभंगलेल्या काचेचा भाव

१९६३ आणि १९६४ या दोन सालांच्या कॉर्व्हेट कूपे शेजारी उभ्या केल्या, तर फरक डोळ्यांत भरतो तो पाठीमागून. '६३च्या गाडीची मागची काच दुभंगलेली आहे. छतावरून शेपटीकडे उतरणारा कणा तिच्या मधोमध जातो. '६४मध्ये ही पट्टी काढून टाकली गेली आणि काच एकसंध झाली. नवे मॉडेल आले की जुन्याचा भाव पडतो, हा सर्वमान्य नियम तपासायला मला या पट्टीइतके चांगले उदाहरण सापडलेले नाही.

हा नियम मुद्दाम घडवलेला आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत गाडी घेऊ शकणाऱ्या बहुतेकांकडे ती आलेली होती. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्या काळी बाजार पालटवणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत: हप्त्याने विक्री, मोबदल्यात जुनी गाडी घेणे, बंद टपाची गाडी आणि दरसालचे नवे मॉडेल. यांतली दुसरी आणि चौथी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, असे मला वाटते. नवी गाडी जितकी वेगळी दिसेल, तितकी दारातली लवकर जुनी होणार. त्यातून मॉडेलचे साल आदल्या शरद ऋतूतच सुरू होई. ऑगस्टमध्ये घेतलेली गाडी ऑक्टोबरात 'गेल्या सालची' ठरे, टायरची नक्षीही पुसलेली नसताना!

आता पट्टीकडे. डिझाइन विभागाचे प्रमुख बिल मिचेल यांचा तिच्यावर जीव होता. कॉर्व्हेटचे अभियंते झोरा आर्कस-डंटोव्ह यांचा विरोध होता, कारण आरशात मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी पट्टीच दिसे. मिचेल एक साल जिंकले. त्या सालात १०,५९४ कूपे तयार झाल्या. पुढल्या सालची एकसंध काच आली, तेव्हा '६३च्या काही मालकांनी पट्टी कापून तिथे नवी काच बसवून घेतली. गाडीचे अंग फायबरग्लासचे, त्यामुळे ते काम फारसे अवघड नव्हते. कोणाला मागचे नीट दिसायला हवे होते, कोणाला गाडी नव्या सालची भासायला हवी होती. आज या मालकांना हसण्याची रीत पडली आहे. मला ती अन्यायाची वाटते. कंपनीनेच जी गोष्ट चूक म्हणून सोडून दिली, ती ग्राहकाने का जपावी?

पुढे काही दशकांत पारडे फिरले. कापलेल्या पट्ट्या खर्च करून परत बसवल्या जाऊ लागल्या. त्या पिढीच्या नंतरच्या सालांत उघड्या टपाच्या गाडीला सहसा कूपेहून जास्त भाव मिळतो. '६३मध्ये मात्र कूपे वरचढ आहे. आता गिऱ्हाईक आधी गाडीचा अनुक्रमांक वाचते. पहिला आकडा ३ असेल तर '६३, ४ असेल तर मागची काच काहीही सांगो.

पोर्शे ९११ची गोष्ट याच्या उलट बाजूने जाते. १९९७ साली आलेल्या ९९६ या पिढीत हवेने थंड होणारे इंजिन जाऊन पाण्याने थंड होणारे आले, आणि पुढचे दिवे स्वस्तातल्या बॉक्स्टरशी जुळते झाले. लोकांनी त्या दिव्यांना तळलेल्या अंड्याची उपमा दिली. हवेवरच्या इंजिनाची शेवटची पिढी म्हणून आधीची ९९३ सोन्याच्या भावाने विकली जाऊ लागली. २००४मध्ये ९९७ने गोल दिवे परत आणले, आणि ९९६ दोन्हीकडून चेपली गेली. तिच्या इंजिनातल्या एका बेअरिंगची बदनामीही भावाला नडली, हे खरे. पण बेअरिंग बदलता येते. चेहऱ्याचे तसे नाही. अनेक वर्षे ती सर्वांत स्वस्त ९११ राहिली.

कॉर्व्हेटचे एक साल तर बाजारात आलेच नाही. १९८२ची जुनी पिढी संपली, नवी १९८४ची म्हणून विकली गेली. मधल्या १९८३च्या ४३ चाचणी गाड्या बनल्या होत्या. एक सोडून सगळ्या मोडीत काढल्या. ती एक केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात उभी आहे. ती कधी विकलीच गेली नाही, म्हणून तिला भाव नाही.