छर्ऱ्यांचा फैलाव आणि आडवा वारा

छर्ऱ्यांच्या बंदुकीचा फैलाव तपासण्यासाठी ४० यार्डांवरच्या कोऱ्या कागदावर बार काढतात आणि ३० इंच व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे बसले ते मोजतात. आडव्या वाऱ्याने फैलाव विस्कटतो, असा समज आहे. प्रत्यक्षात तो जवळजवळ अख्खा एका बाजूला सरकतो. ताशी १० मैलांच्या वाऱ्यात ६ नंबरचे शिशाचे छर्रे या अंतरावर सुमारे अर्धा फूट ढळतात. हवेच्या विरोधामुळे छर्रा जितका रेंगाळतो तितका तो वाहवतो. म्हणून बारीक वा हलक्या छर्ऱ्यांचे ढळणे अधिक. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांसाठी शिशाला देशभर बंदी आहे. पर्यायी पोलादाची घनता शिशाच्या सुमारे ७० टक्केच, त्यामुळे तिथले शिकारी साधारण दोन नंबर मोठा छर्रा घेतात. नळीत चेपलेले छर्रे मात्र स्वतंत्रपणे भरकटतात आणि फैलावाची कड विरळ होते. समोरचा किंवा पाठीमागचा वारा इथे नगण्य. वाऱ्यातल्या एका बारावरून बंदूक डावीकडे मारते असे ठरवून दस्ता तासायला घेणे हा उतावळेपणा. शांत हवेत, दर वेळी नवा कागद लावून काढलेले तीन-चार बारच ग्राह्य धरावेत.