ठाण्याचा किल्ला : दुर्ग ते कारागृह

ठाणे शहराच्या इतिहासात खाडीकाठच्या किल्ल्याचे स्थान महत्त्वाचे आहे. साष्टीच्या संरक्षणासाठी पोर्तुगीजांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो बांधावयास घेतला. परंतु काम अपुरे असतानाच १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकले. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि सालबाईच्या तहाने (१७८२) साष्टी त्यांच्याकडेच राहिली.

पुढे संरक्षणापेक्षा बंदिवासासाठी त्याचा उपयोग वाढला. गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या (१८१५) प्रकरणात दुसऱ्या बाजीरावाचे विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळे येथे कैदेत होते. १८१६ मध्ये ते निसटले आणि पेशवे-इंग्रज संबंध अधिकच बिघडले. नाशिकच्या जॅक्सनवध प्रकरणातील अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी येथेच फाशी देण्यात आली.

आज या वास्तूत मध्यवर्ती कारागृह आहे. अखंड वापरामुळे तट-बुरूज टिकले. मात्र त्याच कारणाने अभ्यासकास ते बहुधा बाहेरूनच पाहावे लागतात. सुरक्षेच्या मर्यादा सांभाळून नियोजित भेटी व वास्तूचे तपशीलवार दस्तऐवजीकरण झाल्यास स्थानिक इतिहासलेखनातील ही उणीव भरून निघू शकेल.