मोटारघर आणि आल्प्सचा शरद

शरद ऋतूविषयीं आपल्या वाङ्मयांत फार कौतुक आढळतें. पाऊस सरलेला, आकाश निवळलेलें, नद्यांचें पाणी स्वच्छ झालेलें, वाटा वाळलेल्या; राजांनीं स्वारीस व यात्रेकरूंनीं यात्रेस निघावें असा हा काळ. दसऱ्यास सीमोल्लंघन करावें ही आपली रूढि याच ऋतुमानावर उभी आहे. युरोपांतील आल्प्स पर्वतांत मात्र हाच ऋतु नेमकें उलट बोलतो. आपल्याकडे शरद वाटा उघडितो. तेथें तो त्या मिटवितो.

हा भेद केवळ काव्यापुरता नाहीं. दिवाळीच्या सुटींत कित्येक मराठी कुटुंबें स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियाकडे जातात, आणि त्यांपैकीं कांहीं जण मोटारघर भाड्यानें घेऊन आपल्याच तंत्रानें हिंडण्याचा बेत करितात. निजणें, रांधणें आणि प्रवास हीं तिन्ही ज्या एका वाहनांत होतात तें मोटारघर. अशा बेतास पैसा व नकाशा लागतोच; परंतु त्यांच्याइतकाच इतिहासहि उपयोगी पडतो, असें आमचें मत आहे. तें कसें, हें येथें थोडक्यांत दाखवावयाचें आहे.

घर बरोबर घेऊन फिरण्याची हौस कांहीं आजची नाहीं. इ. स. १८८५ मध्यें गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या, आरमारांतून निवृत्त झालेल्या डॉक्टरानें ब्रिस्टल येथें महोगनी लांकडाची एक ऐसपैस गाडी बांधवून घेतली, तीस दोन घोडे जोडिले, आणि इंग्लंडपासून स्कॉटलंडपर्यंत तींतून प्रवास केला. पोटासाठीं गाडींत राहणारे लोक पूर्वींपासून होतेच. हौसेखातर गाडींत राहणारा गृहस्थ हा प्रकार नवा होता. पुढें इ. स. १९३१ मध्यें आल्प्सच्या उत्तर पायथ्याकडील इस्नी या गांवीं आरिस्ट डेथलेफ्स यानें मोटारीमागें जोडावयाचें लहानसें घर तयार केलें. त्याच्या घराण्याचा धंदा चाबूक व बर्फावरून घसरण्याच्या काठ्या करण्याचा. त्या विकण्यासाठीं त्यास सारखें फिरतीवर राहावें लागे. त्याची भावी पत्नी चित्रकार होती. ताटातूट टळावी व तिची चित्रकलाहि चालावी, एवढाच त्या खटाटोपाचा हेतु. चाकांवरच्या घराच्या मुळाशीं असा संसार आहे, हें आमच्या वाचकांस ऐकून बरें वाटेल.

घराची कथा ही अशी. आतां ज्या डोंगरांत तें न्यावयाचें, त्या डोंगराचा स्वभाव पाहूं. ख्रिस्तपूर्व २१८ या वर्षीं कार्थेजचा सेनापति हानिबाल हत्तीघोड्यांसह आल्प्स ओलांडून इटलींत उतरला. त्यानें कोणती खिंड धरिली याविषयीं वाद आहे. काळाविषयीं मात्र पोलिबियस या इतिहासकारानें एक खूण देऊन ठेविली आहे. तो सांगतो कीं, कृत्तिकांचा अस्त जवळ आला होता व माथ्यावर बर्फ सांचूं लागलें होतें. ज्या कृत्तिकांवरून आपल्या कार्तिक मासास नांव मिळालें त्याच ह्या. आपण आकाशकंदील लावितों, त्या सुमारास तेथें माथे पांढरे होतात. त्याच ग्रंथकाराच्या आंकड्यांवरून पाहतां, ऱ्होन नदी ओलांडतांना हानिबालाजवळ ३८,००० पायदळ व ८,००० वर घोडेस्वार होते. इटलींत पोहोंचले ते २०,००० पायदळ व ६,००० घोडेस्वार. डोंगरी टोळ्यांचे हल्ले, कडे व हिम या तिघांनीं मिळून हा वांटा घेतला.

दोन हजार वर्षांनीं हीच गोष्ट पुन्हां घडली, आणि या वेळीं दोष हिमापेक्षां बेताचा अधिक होता. इ. स. १७९९ च्या सप्टेंबरांत सत्तरीच्या घरांतला रशियन सेनापति सुवोरोव्ह सुमारें २०,००० सैन्यानिशीं इटलींतून निघाला. झ्यूरिकजवळच्या रशियन सैन्यास मिळून फ्रेंचांस कोंडावें, असा बेत होता. पायथ्याशीं ठरलेलीं खेचरें वेळेवर मिळालीं नाहींत. तीं येण्याची वाट पाहण्यांत मोलाचे दिवस गेले. ता. २४ रोजीं त्यानें गोटहार्डची खिंड घेतली, दुसऱ्या दिवशीं घळींतील सैतानी पुलापाशीं शर्थीची लढाई जिंकली, आणि तो आल्टडॉर्फला उतरला. पाहतो तों पुढें रस्ताच नाहीं! सरोवराच्या कांठानें श्वित्सकडे जातां येईल असें बेत आंखणाऱ्यांनीं गृहीत धरिलें होतें, असें अनेक इतिहासकार सांगतात. प्रत्यक्षांत कडा सरळ पाण्यांत उतरला होता, आणि नावा फ्रेंचांच्या हातीं होत्या.

मग किन्झिगच्या पाऊलवाटेनें एकेक माणूस पलीकडे न्यावा लागला. तेथें बातमी आली कीं, ज्या सैन्यास मिळावयाचें त्याचा झ्यूरिकजवळ आधींच पराभव झाला आहे. अखेर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत, नव्यानें पडलेल्या बर्फांतून, २,४०० मीटरांहून उंच असलेली पानिक्सची खिंड ओलांडून हें सैन्य निसटलें. तोफा दरींत गेल्या. शेंकडों माणसें थंडीनें व कड्यावरून पडून मेलीं. एकहि लढाई न हरतां मोहीम हरली. ज्या कांठीं सुवोरोव्ह अडला, तेथें खडक फोडून रस्ता झाला तो इ. स. १८६५ मध्यें.

एकोणिसाव्या शतकानें हा डोंगर पुष्कळ वठणीवर आणिला, यांत शंका नाहीं. नेपोलियननें सिंप्लॉनचा रस्ता १८०५ पर्यंत पुरा केला. ऑस्ट्रियन सरकारासाठीं कार्लो दोनेगानी या स्थापत्यकारानें स्टेल्व्हिओचा घाट १८२५ मध्यें बांधून दिला. २,७५७ मीटर उंचीवर चढणाऱ्या या रस्त्यास एकाच बाजूस ४८ आवळ वळणें आहेत. ऑस्ट्रियांतील ग्रॉसग्लॉक्नरचा रस्ता १९३५ चा. पुढें बोगदे झाले: ग्रेट सेंट बर्नार्डचा १९६४ मध्यें, सान बेर्नार्दिनोचा १९६७ मध्यें, आणि मोटारींसाठीं सुमारें १७ किलोमीटर लांबीचा गोटहार्डचा १९८० मध्यें. तथापि माथ्यावरचे रस्ते आजहि हिमाच्या हुकमांतच आहेत. ऑक्टोबर सरतां सरतां किंवा नोव्हेंबरच्या आरंभीं ते बहुधा बंद होतात, आणि हिम लवकर आलें तर त्याहूनहि आधीं. आपली दिवाळी नेमकी या उंबरठ्यावर येते.

डोंगराप्रमाणें तेथील माणसांचाहि मान राखला पाहिजे. ग्राउब्युंडेन या स्विस प्रांतानें १९०० मध्यें आपल्या रस्त्यांवर मोटारींस बंदी केली, व पुनःपुन्हां लोकमत घेऊन ती १९२५ पर्यंत टिकविली. तोंवर मोटार न्यावयाची तर तिला घोडे जुंपावे लागत. या लोकांस आम्ही मागासलेले म्हणणार नाहीं. आपली वाट कोणीं व कशी वापरावी हें ठरविण्याचा हक्क त्यांनीं बजाविला. त्याच वृत्तीचा वारसा म्हणून म्हणा, आजहि टिरोलमध्यें ठरलेल्या तळांबाहेर वाहनांत बिऱ्हाड थाटण्यास मनाई आहे.

तेव्हां बेत आंखावा तो असा. ज्या खिंडींतून जावयाचें, तिच्या नांवापुढें दुसरी वाट लिहून ठेवावी. गोटहार्ड मिटली तर खालीं बोगदा आहे. स्टेल्व्हिओ व ग्रॉसग्लॉक्नर मिटले तर मोठा वळसा आहे, व त्यासाठीं दिवस राखून ठेवावा लागतो. ऑस्ट्रियांत १ नोव्हेंबरपासून रस्त्यावर बर्फ असल्यास हिवाळी टायर सक्तीचे आहेत. भरल्या गाडीचें वजन साडेतीन टनांवर गेल्यास स्वित्झर्लंडांत कराचा प्रकार बदलतो. पुष्कळ तळ हंगाम संपतांच बंद होतात, म्हणून मुक्काम आधीं विचारून घ्यावा; आणि रात्रीं नळ्यांतलें पाणी गोठतें हें विसरूं नये.

एवढें करूनहि एक गोष्ट उरते, आणि ती तेथील गवळ्यांकडून शिकावी. उन्हाळाभर उंच कुरणांत चारलेल्या गाई ते सप्टेंबरांत खालीं आणितात. उन्हाळा निर्विघ्न गेला असेल तर गाईंच्या मस्तकीं फुलें व गळ्यांत मोठ्या घंटा बांधितात. कांहीं अपघात झाला असेल तर शृंगार न करितां त्यांस उतरवितात. पण उतरवितात हें निश्चित. वर हवा कितीहि सुरेख असली तरी मुक्काम वाढवीत नाहींत. हानिबाल व सुवोरोव्ह यांस पुढें जाणें भाग होतें. हौशी प्रवाशास तें भाग नाहीं, हेंच त्याचें भाग्य. म्हणून वर केव्हां जावयाचें याच्या आधीं खालीं केव्हां उतरावयाचें तो दिवस त्यानें ठरवावा, आणि मग तो मोडूं नये.