नको असलेलं पत्र

आमच्या पळस्पे फाट्यावर दोन रस्ते फुटतात, एक पुण्याला, दुसरा गोव्याला. चुकून दुसऱ्याच रस्त्याला लागलेल्या गाड्या आम्ही रोज बघतो. गेल्या दिवाळीत आमच्या पत्रांचं तसंच झालं.

फराळाचे भाव लिहून गटाने 150 जणींना ई-मेल पाठवला. भाजणी दळून झाली होती, डब्यांचे पैसे दिले होते. पंधरा दिवसांत ऑर्डरी आल्या तीन! शेवटी एका जुन्या गिऱ्हाईक ताईंचा फोन आला, "यंदा फराळ करत नाही का?" त्यांच्या मोबाइलमध्ये आमचं पत्र 'स्पॅम' नावाच्या कप्प्यात पडून होतं.

हा कप्पा कुणामुळे आला? 3 मे 1978 रोजी अमेरिकेत गॅरी थ्यूर्क या विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात जवळपास 400 जणांना एकदम पाठवली. कुणीच मागितली नव्हती. लोक चिडले, तरी म्हणे माल खपला. खपला म्हटल्यावर पुढच्यांना कोण अडवणार? 'स्पॅम' हे खरं तर डब्यातल्या मांसाचं नाव. 1970 च्या एका इंग्रजी विनोदी नाटुकल्यात हॉटेलातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात तेच असतं, नको म्हटलं तरी. त्यावरून नको असलेल्या पत्रांना ते नाव पडलं.

आपल्याकडे इंटरनेट सर्वांसाठी खुलं झालं 15 ऑगस्ट 1995 ला. तोवर तिकडे हा उपद्रव वाढला होता. मग पत्रं चाळणारी यंत्रणा आली. आधी ती मुख्यतः शब्द बघायची: 'फुकट', 'बक्षीस' असं काही दिसलं की पत्र बाजूला. पण पाकिटामागे कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतो, तसंच ई-मेलचं. म्हणून पाठवणारा खरा कोण, याचा पुरावा मागायला लागले. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. घाऊक पत्रं पाठवणाऱ्यांनी ओळख पटवायची, 'नको' म्हणायची सोपी सोय द्यायची, आणि हजार पत्रांमागे तक्रारी तीनच्या खाली ठेवायच्या.

आमची पत्रं थोडी, पण चूक तीच. 150 पैकी 60 पत्ते एका ओळखीच्याने आणून दिलेल्या यादीतले होते. त्या बायकांनी आम्हाला कधी पाहिलंही नव्हतं! त्यातल्या काहींनी 'स्पॅम'वर बोट ठेवलं असणार, आणि त्याचा फटका ओळखीच्या गिऱ्हाइकांना गेलेल्या पत्रांनाही बसला असावा. (यादी फुकट मिळाली म्हणून आम्ही खूश होतो.)

ते 60 पत्ते आम्ही खोडले. उरलेल्या प्रत्येकीला फोन करून विचारलं, "पत्र पाठवू का?" हो म्हणाली तिला सांगितलं, स्पॅमचा कप्पा उघडा, आमच्या पत्रावर 'स्पॅम नाही' दाबा, आमचा पत्ता मोबाइलमध्ये ठेवा. खाली एक ओळ घातली: नको असेल तर कळवा, नाव काढू. दोघींनी कळवलं, काढली. संक्रांतीला तिळाच्या लाडवांचं पत्र 71 जणींना गेलं. ऑर्डरी आल्या 26.