इस्तंबूल, नागपाडा आणि आमचं दौंड

माझी धाकटी बहीण शिरूरला असते आणि मी दौंडला. तिचा मुलगा शाळेपासून बास्केटबॉल खेळतो. मागे एकदा चौफुला, न्हावरा करत एसटीनं तिच्याकडे गेलो, तेव्हा पोरानं मोबाईल माझ्यापुढे धरला. "मामू, हा संघ बघा. इस्तंबूलचा. अनादोलू एफेस." पडद्यावर उंच उंच खेळाडू धावत होते. स्वयंपाकघरातून बहिणीचा आवाज आला, "भाईजान, त्याला एकच विचारा. चेंडू टाकून घर चालतं का?"

मी कविता लिहिणारा माणूस. घर कशावर चालतं, हे मलाही लोकांनी आयुष्यभर विचारलं आहे. त्यामुळे पोराची बाजू घ्यावीशी वाटली. पण बाजू घ्यायची तर माहिती हवी. म्हणून आधी त्या क्लबाचाच इतिहास पाहिला.

इस्तंबूलमध्ये फेनरबाचे, गालातासराय, बेशिक्ताश हे मोठे क्लब आहेत. फुटबॉल हा त्यांचा जीव आणि बास्केटबॉल ही एक शाखा. एफेसचं तसं नाही. एका बिअर कंपनीनं १९७६ साली दुसऱ्या श्रेणीतला काडिकॉयस्पोर हा संघ हाती घेतला आणि त्याला आपलं नाव दिलं, एफेस पिल्सेन. दोन वर्षांत संघ वरच्या श्रेणीत आला आणि १९७९ साली देशाचा विजेता झाला. खेळाडूंना पगार, प्रशिक्षक, सरावाची जागा आणि हाताखाली तयार होणारी पोरं, असा तो कारभार. अमेरिकेच्या एनबीएपर्यंत पोचलेला हिदायेत तुर्कोग्लू याच क्लबातून पुढे आला.

१९९६ साली हा संघ कोराच करंडकाच्या अंतिम फेरीत मिलानच्या संघाशी खेळला. सामने दोन, आणि निकाल दोन्हींच्या बेरजेवर. घरच्या मैदानावर ७६-६८ असा विजय, मिलानमध्ये ७०-७७ असा पराभव. बेरीज १४६-१४५. एका गुणानं तुर्की बास्केटबॉलला पहिला युरोपीय करंडक मिळाला. पुढे मद्याच्या जाहिरातीवर निर्बंध आले आणि २०११ साली क्लबाला नाव बदलावं लागलं. पिल्सेन गेलं, अनादोलू आलं. कंपनीनं मात्र हात काढून घेतला नाही. २०२१ साली बार्सिलोनाला हरवून संघ युरोलीगचा विजेता झाला. पुढच्या वर्षी पुन्हा झाला, या वेळी रेआल माद्रिदविरुद्ध ५८-५७. पुन्हा एकच गुण! पण त्या एका गुणामागे शेचाळीस वर्षांचा पगार उभा होता.

हे सगळं ऐकून पोरगा हिरमुसला. "आपल्याकडे असं काहीच नाही ना, मामू?"

तेव्हा मला नागपाडा आठवला.

आमचे अब्बा दौंडच्या लोको शेडमध्ये होते. रेल्वेच्या पासावर आम्ही मुंबईला जायचो. दादरला उतरून लोकल पकडायची आणि भायखळ्याला उतरायचं. अब्बांचे चुलतभाऊ नागपाड्यात राहत. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. मगरिबनंतर चाचा मला बोट धरून घेऊन गेले. दिव्यांच्या उजेडात सिमेंटच्या मैदानावर पोरं खेळत होती आणि भोवती सगळा मोहल्ला उभा होता. चेंडू जाळीतून गेला की जी आरोळी उठे, तशी दाद मी पुढे मुशायऱ्यातही क्वचितच ऐकली.

ते आवार नागपाडा नेबरहूड हाऊसचं. अमेरिकन मराठी मिशनच्या डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ साली ते सुरू केलं. मुसलमान, ज्यू, हिंदू, ख्रिस्ती, सगळ्यांच्या दाट वस्तीत. पुढे टाटांची समाजकार्याची संस्था, आजची 'टिस', १९३६ साली याच वास्तूत सुरू झाली आणि मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. मंडळी, हे मिशन आपल्याला परकं नाही. १८१३ साली ते मुंबईत आलं, नगरला त्याचं मोठं केंद्र झालं आणि एकोणिसाव्या शतकात नगरच्या वाटेवरच्या शिरूरलाही त्याचं ठाणं होतं. भाच्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे आपल्या गावाचंही नातं निघालं की!"

खेळही अमेरिकेतलाच. १८९१ साली स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी पीच फळाच्या टोपल्या टांगून तो सुरू केला. इस्तंबूलमध्येही तो पोचला एका अमेरिकन कॉलेजातूनच. बी एकच. तिकडे त्याला कंपनीनं पाणी घातलं, इकडे मोहल्ल्यानं. जुना खेळाडू संध्याकाळी यायचा आणि गल्लीतल्या पोरांना शिकवायचा. याच नागपाड्याच्या अब्बास मुंतसिर यांनी भारताचं कर्णधारपद भूषवलं आणि १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या पिढीच्या काळात, १९७५ साली, भारत आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत चौथा आला. त्याहून वर आपण अजून गेलेलो नाही.

मग या खेळाडूंचं घर कशावर चाललं? नोकरीवर. आपल्याकडे व्यावसायिक खेळाडू म्हणजे रेल्वेत, पोलिसांत, बँकेत किंवा कंपनीत लागलेला खेळाडू. राष्ट्रीय स्पर्धेत राज्यांबरोबर रेल्वेचा स्वतंत्र संघ उतरतो तो यामुळेच. खेळाडू मोहल्ल्यानं घडवायचा आणि पगार रेल्वेनं द्यायचा. पगार देणाऱ्याचं नाव छातीवर येतं. घडवणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही. दौंडसारख्या रेल्वेच्या गावाला रेल्वेच्या नोकरीची किंमत सांगायला नको. आमच्या घराची चूल तिच्यावरच पेटली. पण चाळिशीतला खेळाडू खिडकीमागे तिकिटं देत बसलेला असतो, तेव्हा त्याची कला कुणाच्या हाती जाते, हा प्रश्न उरतोच.

पगार देणारी लीगही आपण करून पाहिली. २०१५ साली एक सुरू झाली. तिच्यात 'पुणे पेशवाज' नावाचा संघही होता. २०१७ नंतर ती थांबली. एफेसला पहिल्या युरोपीय करंडकासाठी वीस वर्षं लागली होती. आपण तीन वर्षांत दमलो.

म्हणून मी बहिणीला खोटी आशा दाखवली नाही. म्हटलं, "चेंडूवर घर चालेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. नोकरीसाठी त्यानं अभ्यासही करावा आणि रेल्वेच्या चाचणीलाही जावं. पण इस्तंबूल असो की नागपाडा, सुरुवातीला कुणीतरी हिशेब न मांडता खर्च केला, म्हणूनच तिथे काही उभं राहिलं."

ती काही बोलली नाही. चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि दाराकडे बोट दाखवलं. तिथे पोराचे खेळायचे बूट पडले होते. टाच फाटलेली, तळवा सुतळीनं बांधलेला.

"मग हे कोण घेणार, भाईजान?"

परतीची एसटी धरण्याआधी भाच्याला घेऊन मी बाजारात गेलो.